उजवं कुणाचं

देव माणसाला हाक मारतो, हे आमच्या चाळीला त्या वर्षी माघात कळलं. तोवर हाक मारणारा एकच होता, चाळीचा वॉचमन मल्लप्पा. नळाला पाणी आलं की तो पत्र्याचा डबा बडवत 'नीरु बंतु' म्हणून ओरडायचा, आणि ज्यांना कानडीचा दुसरा शब्द येत नव्हता त्याही बाया घागरी घेऊन धावायच्या. बहात्तरचा पाऊस पडलाच नव्हता. नळ दिवसाआड, तोही अर्धा तास. सोलापुरात त्या दिवसांत देवापेक्षा मल्लप्पाच्या हाकेला जास्त मान होता.

मग बुवा आले. आवारातल्या अंबाबाईच्या देवळापुढं त्यांनी तीन दिवस कीर्तन केलं. देव रोज हाका मारतो, तुमच्याच कानात संसाराचे बोळे आहेत, दारात येईल त्या गांजलेल्याला त्याचा सांगावा समजा, असं ते सांगत होते. चांगलं सांगत होते. दीड महिन्याच्या बाळाला पदराखाली घेऊन मी मागं बसले होते, आणि मला रडू आलं. अर्थात मला तेव्हा कशानंही रडू यायचं. भाकरी करपली तरी यायचं.

पुढच्या रांगेत रंभाबाई होत्या. त्यांचे मालक गिरणीत जॉबर, आणि चाळीतले निम्मे गडी त्यांच्या हाताखाली. त्यामुळं रंभाबाई बोलल्या की चाळ मान हलवायची. बुवा गेले आणि आठवड्याच्या आत त्यांनी मंडळ काढलं. अंबाबाई महिला सेवा मंडळ. स्वतः प्रेसिडेंट, आणि शेजारच्या बजाबाईंची सातवीपर्यंत शाळा झालेली म्हणून त्या सेक्रेटरी. रबरी शिक्का पहिल्यांदा आला. सेवा मागून येणार होती.

देवाची पहिली हाक लाउडस्पीकरची निघाली. आरती पार हमरस्त्यापर्यंत गेली पाहिजे, असं रंभाबाईंना पहाटे स्पष्ट ऐकू आलं. दुसरी हाक लुगड्यांची. मंडळाच्या सगळ्या बायांनी एका रंगाची लुगडी नेसावीत, आणि रंग आमसुली असावा, कारण रंभाबाईंकडं एक कोरं आमसुली आधीच होतं. देव इतका बारकाईनं बोलतो हे मला माहीत नव्हतं.

पण नुसत्या एका बाईच्या कानावर मंडळ चालत नव्हतं, तसं कुणी म्हणू नये. दर मंगळवारी देवीला कौल लागायचा. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर गंधानं कण्हेरीची एकेक पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि बसून राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या वर्षी फुलांत कण्हेर तेवढी जगली होती, गिरणीच्या गटारावर.

गंध उगाळायचं काम माझं. मी सगळ्यांत धाकटी सून. सहाण घेऊन मी कोपऱ्यात बसायची, आणि रंभाबाई जवळून जाता जाता मला मालकांच्या नावानं हाक मारून सांगायच्या, "कुंडलिकची, डावीकडचं जरा घट्ट घे." गंध पातळ असलं की त्या कोरड्या हवेत ते भराभर वाळतं आणि पाकळी सुटते. घट्ट असलं की आरती संपून बाया घरी गेल्या तरी हलत नाही. लाउडस्पीकरला देवीनं होकार दिला तो असा. लुगड्यांनाही असाच. मी बोलले नाही. आमचे मालक त्यांच्या मालकांच्या खात्यात होते. आणि खरं सांगायचं तर देवीचा होकार आपल्या बोटांत आहे, याची मला गंमत वाटायची.

शिमगा झाल्यावर एका शुक्रवारी केराबाई आली. सांगोल्याकडच्या माळावरची, मेंढरं राखणारी म्हातारी. मेंढरं चाऱ्यावाचून गेली होती. लेक धुळा आणि सून गोजा दुष्काळी कामावर खडी फोडत होते, तिथं गोजाला विषमज्वर झाला. तिला इथल्या मोठ्या दवाखान्यात आणलं. धुळा तिच्यापाशी बसून होता, आणि दोन महिन्यांच्या लेकराला आईजवळ ठेवायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते लेकरू, एक मुलगी, घेऊन केराबाई सावली शोधत निघाली आणि आमच्या देवळाच्या पायरीवर टेकली.

मुलीचं नावही ठेवलेलं नव्हतं. तिचं रडणं रडण्यासारखं नव्हतं. वाळलेली शेंग हलवावी, तेवढाच आवाज. सरकारी दुधाची पावडर पाजली तर तिला ढाळ लागत होते, आणि चहावाल्याकडचं दूध ती ओकून टाकत होती. केराबाई साखरेच्या पाण्यात चिंधी बुडवून तिच्या ओठांत धरायची. एवढंच त्या मुलीच्या पोटात जात होतं.

मंडळाची मीटिंग झाली. रंभाबाईंनी म्हातारीला एक भाकरी आणि वर चटणी दिली, हे मी लपवणार नाही. लाउडस्पीकरवरून त्यांनीही ते लपवलं नाही. लेकराचा विषय मात्र मोठा आहे, त्याला कौल घ्यावा लागेल, असं ठरलं. कौल मंगळवारी. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. त्या मुलीनं तेवढं थांबायचं होतं.

सगळ्या चाळीला ठाऊक होतं की अंगावर पाजणारी बाई त्या वेळी मी एकटीच आहे. कुणी बोललं नाही, कारण सगळ्या चाळीला माझ्या सासूबाईही ठाऊक होत्या. सोजरबाई म्हणजे आमच्या आत्याबाई. माझी दोन मुलं आधी गेली होती, एक आठ दिवसांचं आणि एक दुसऱ्या महिन्यात. हे तिसरं. याला सासऱ्यांचं नाव ठेवलं, रामहरी. आणि मग घरात ते नाव घेणार कोण? मी सून, मला घेता येईना. आत्याबाईंना नवऱ्याचं नाव घेता येईना. त्या त्याला 'मालक' म्हणायच्या, मी नुसतं 'बाळ'. आत्याबाई स्वतः अर्धी भाकरी खायच्या आणि अर्धी माझ्या ताटात सरकवायच्या. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी देवळाकडं एकदा बघितलं आणि मला म्हणाल्या, "दुसऱ्याचं पोर अंगाला लावायचं न्हाय. आटतं. दोन घालवलीस, आता तिसरं न्हाय."

घालवलीस. त्या रागानं बोलत नव्हत्या, भीतीनं बोलत होत्या. आणि तीच भीती मलाही होती.

पण दूध मला बाळाला पुरून उरत होतं. उरलेलं दूध कुणाच्या पायाखाली जाऊ नये म्हणून तुळशीत पिळून टाकायचं, अशी आमच्याकडं रीत. दारापुढं डालड्याच्या डब्यात तुळस होती. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मी पदर पुढं ओढून, भिंतीकडं तोंड करून, त्या डब्यात दूध पिळत होते. वीस पावलांवर ती शेंग वाजत होती. रंभाबाईंना काय हसायचं? चाळीत प्यायला पाणी नव्हतं आणि माझी तुळस हिरवीगार होती.

मंगळवार आला. रंभाबाई आमसुली नेसून आल्या, बाकीच्याही. मी सहाणेपाशी बसले. रंभाबाई वाकल्या आणि म्हणाल्या, "आज उजवीकडचं घट्ट घे." मी वर बघितलं तशी त्यांनी मला समजावलं. पोर अशक्त आहे, हातात दगावलं तर मंडळाचं नाव जाईल, आणि देवीला काय, ती सगळ्यांचंच बघते. त्यांना दुष्ट म्हणावं तर तसं नव्हतं. त्यांना फक्त देवाची हाक सोयीच्या वेळी ऐकू यायची.

मी गंध उगाळलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्याच्या उलट केलं. उजवीकडं पातळ, डावीकडं घट्ट.

पाकळ्या लागल्या. रंभाबाईंनी हात जोडून मोठ्यानं विचारलं, "आई, या लेकराची सेवा मंडळानं पत्करावी का?" बाया डोळे मिटून बसल्या. बाहेर मुलगी रडायला लागली, आणि माझा पान्हा फुटला. ते आपल्या हातात नसतं. लेकरू कुणाचं आहे, कुठल्या जातीचं आहे, कौल लागलाय की नाही, छातीला काही कळत नाही. चोळी भिजली. मी दोन्ही हात घट्ट छातीशी बांधले आणि मान खाली घातली. बायांना वाटलं असेल, काय हिची भक्ती.

पाकळी पडली. आमच्या उजव्या हाताची.

रंभाबाईंनी आधी पाकळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "डावा कौल आला."

बजाबाई वहीत लिहायला लागल्या आणि थांबल्या. "उजवी पडली की, रंभाबाई."

"आपली उजवी. देवीचं तोंड आपल्याकडं हाय. तिची ती डावी."

"पर लाउडस्पीकरला आपली उजवी धरली हुती."

"लाउडस्पीकर आपुन ऐकनार. म्हणून तितं आपली बाजू."

"मग लुगडी?"

"लुगडी आपुनच नेसतो की. लेकरू देवीचं हाय, तर लेकराला देवीची बाजू. यवडं साधं कळंना व्हय तुमाला, सेक्रेटरी हाय न्हवं तुमी?"

बजाबाईंनी वही मिटली, पण तोंड मिटलं नाही. एक बाई उठून मूर्तीशेजारी देवीसारखं तोंड करून उभी राहिली आणि तिनं आपला उजवा हात वर केला, म्हणजे नक्की कळावं. तो कोणता उजवा यावरही दोन मतं पडली. कुणी म्हणालं, माहेरी आमच्याकडं नेहमी देवीचीच बाजू धरतात. कुणी म्हणालं, तुमच्या माहेरचं इथं काय. मग माहेरं निघाली, माढा निघाला, वळसंग निघालं. अंबाबाई दोन्ही हात पुढं करून उभी होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं.

आणि बाहेरचं रडणं थांबलं.

कुणाच्या लक्षात आलं नाही. मला ती दोन मुलं माहीत होती, म्हणून मला ते थांबणं माहीत होतं. पोट भरून थांबणं वेगळं असतं.

"पुन्ना लावू," रंभाबाई म्हणाल्या. "कुंडलिकची, गंध आण. आन या खेपेला दोन्हीकडं सारकं घे."

मी सहाण घेऊन उठले. दारापर्यंत गेले, दाराबाहेर गेले. सहाण पायरीवर ठेवली. केराबाई चिंधी पिळत बसली होती, मुलगी तिच्या मांडीवर डोळे अर्धे उघडे ठेवून पडली होती. मी खाली बसले आणि तिला घेतलं. मी म्हातारीलाही विचारलं नाही.

तिला ओढता येईना. तोंडात दिलं तर नुसतं तोंडात राहिलं. माझ्या बोटांना चंदनाचा वास होता, त्याच बोटांनी मी पिळून तिच्या ओठांवर थेंब सोडले. पहिले गालावरून ओघळले. पुढचेही. मग तिचा गळा हलला. इवलासा, पाखराएवढा. पुन्हा हलला. बराच वेळ गेला, आणि मग तिनं एवढ्या जोरानं ओढलं की मला कळ आली. देवाची हाक ती हीच का, असं काही माझ्या मनात आलं नाही. माझ्या मनात एवढंच आलं की हिला चार दिवस आधी घ्यायला हवं होतं.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. बाळ भुकेनं रडत होता, त्याला खांद्यावर टाकून त्या मला शोधत आल्या होत्या. देवळाच्या दारात सगळं आमसुली मंडळ गोळा झालं होतं. रंभाबाई म्हणाल्या, "सोजरबाई, बगा सुनंचं. आजून कौल लागला न्हाय, तवर ही बसली."

आत्याबाई माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "कुणाला इचारलंस?"

"कुणालाच न्हाय," मी म्हणाले.

त्या बघत राहिल्या. माझ्याकडं नाही, त्या मुलीच्या गळ्याकडं. तो आता धडपणे हलत होता. आपला नातू खांद्यावर ओरडत होता आणि ही दुसरीच पीत होती. त्या क्षणी त्यांनी ती ओढून काढली असती तर मी सोडलं असतं का, मला अजून सांगता येत नाही. त्या खाली बसल्या. मंडळाकडं पाठ केली आणि माझ्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून आपला पदर आडवा धरला.

"डावं तिला," त्या म्हणाल्या. "उजवं मालकाचं. अदलाबदल करायची न्हाय." आणि बाळाला माझ्या दुसऱ्या हातात दिलं. मग मागं न वळताच म्हणाल्या, "रंभाबाई, तुमी लावा कौल. तुमचं उजवं सापडंपतूर हितं तेराव्याचं जेवान झालं आसतं."

केराबाई आमच्या ओट्यावर राहायला आली. बावीस दिवस. आत्याबाई रोज कुरकुरायच्या. रोज सकाळी त्या बाळाच्या मांडीला एक दोरा बांधून बघायच्या, पहिल्या दिवशी मापून गाठ मारलेला. दोरा सैल झाला तर त्या मुलीला त्याच दिवशी बाहेर काढायचं, हे त्यांनी केराबाईला तोंडावर सांगितलं होतं. केराबाई 'व्हय' म्हणाली होती. दोरा सैल झाला नाही. नवव्या दिवशी तो बसेना, तेव्हा आत्याबाईंनी नवा घेतला. आणि त्याच दोऱ्यानं त्यांनी त्या मुलीची मांडी मापली, हे मी भाकऱ्या थापता थापता बघितलं. दोघं एका गोधडीवर झोपायची. बाळ झोपेत हात टाकायचा तो तिच्या तोंडावर पडायचा, आणि ती त्याचं बोट चोखायची. आमचे मालक पाळीवरून आले की दोघांकडं बघायचे, डावीउजवीकडं मान हलवायचे आणि जेवायला बसायचे.

पाडव्याला मंडळाचा कार्यक्रम झाला. लाउडस्पीकरवरून रंभाबाईंनी सांगितलं की देवीनं उजवा कौल दिला आणि मंडळानं एका अनाथ लेकराची सेवा पत्करली. त्या दिवशी आपलंच उजवं धरलं होतं, असं वहीत लिहिलेलं निघालं. आई जिवंत असताना लेकरू अनाथ कसं, हे केराबाईनं मला हळूच विचारलं. मी म्हणाले, वहीत असेल. मग फोटोवाला आला. आमसुली रांग बसली, आणि मुलगी रंभाबाईंच्या मांडीवर दिली. फोटो अजून देवळात लावलेला आहे. सगळ्या बाया समोर बघताहेत, मुलगी तेवढी तोंड उघडून बाजूला बघतेय. त्या बाजूला मी उभी होते.

चैत्र निम्मा सरला तेव्हा धुळा गोजाला घेऊन आला. तिचे केस गळले होते, आणि लेकरू घ्यायला ती आधी खाली बसली. तिनं मुलीला घेतलं तशी मुलगी रडली. गोजा पण रडली. आत्याबाईंनी तिला दटावलं, रडू नको, चार दिवसांत ओळखेल, आणि गुळाचा खडा हातावर ठेवला. निघताना धुळा माझ्या पाया पडायला आला, ते मला आवडलं नाही. मी आत गेले.

केराबाई मात्र दारात थांबली. तिनं डालड्याच्या डब्यातल्या तुळशीला हात लावला. पानं गळून काड्या राहिल्या होत्या.

"तुळस वाळली की गं तुमची," ती म्हणाली.

आत्याबाई म्हणाल्या, तुळशीला पाणी कुठून आणायचं?

"मी आले तवा लई हिरवी हुती," केराबाई म्हणाली. "पायरीवर बसून बगत हुते, चार दिस." तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. बोलण्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. मग ती नातीच्या मागं चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझी डावी बाजू दगडासारखी झाली. बाळ उजवीकडचं पिऊन झोपला होता. कळ सोसेना, तेव्हा मी सवयीनं डब्यापाशी गेले आणि पदर पुढं ओढला.

"तितं नगं," आत्याबाई मागून म्हणाल्या.

त्या चपला घालत होत्या. पदर खोचून त्या ओट्यावरून उतरल्या. आवारातून जाताना रंभाबाईंनी विचारलं, इतक्या उन्हाचं कुठं निघालात?

"दवाखान्याच्या आवारात. कुणाचं आसंल तितं एकांदं," आत्याबाई चालता चालता म्हणाल्या. "कौल लावाय चाललीय."

त्या दिवशी गुरुवार होता.